आत्याबाईंचा वाईटपणा

परभणीची थंडी पेपरात छापून यायला लागली की येळवस जवळ आली म्हणून समजावं. पंचांगात तिला वेळ अमावस्या म्हणतात. त्या दिवशी आमच्या गंगाखेडात निम्म्या घरांना कुलूप आणि माणसं सगळी शिवारात. ज्वारी पोटऱ्यात आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, तुरीच्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळायला लागलेल्या. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, सगळ्या शेंगांची मिळून केलेली भज्जी आणि मडक्यातलं आंबट आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग बांधावरून जाणाऱ्या माणसाला हाताला धरून जेवायला बसवायचं. ओळखीचा असो नसो. 'नको' म्हणायची पद्धतच नाही. नको म्हणणाऱ्याला आमच्याकडं सरळ शिष्ट म्हणतात.

याच दिवसांत उसाचे ट्रॅक्टर रस्त्यानं डुलत जातात आणि कारखान्याच्या मळीचा वास गावावर बसतो. बाकीच्यांना तो वास येईनासा झालाय, इतका सवयीचा. मला मात्र दर हिवाळ्यात पहिल्या दिवशी तो पोटात लागतो. तोंडाला पाणी सुटतं, आणि ते जेवणाआधीचं नसतं, ओकारीआधीचं असतं. तीन वर्षं झाली, शरीर काही विसरायला तयार नाही. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या छातीच्या गाठीवर किमो चालू होती. दर एकवीस दिवसांनी नांदेडला जायचं, हाताला सुई, वर लाल औषधाची पिशवी, आणि परत येताना गाडीच्या बंद काचेतूनसुद्धा हा वास.

यंदा आणखी एक गोष्ट वेगळी आहे. आत्याबाई नाहीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. वैशाखात गेल्या. येळवशीचं आवतण द्यायला त्या दरवर्षी स्वतः दारोदार जायच्या, फोनवरचं आवतण त्यांना मान्य नव्हतं. "फोनवर काय, मानूस नुस्तं हू म्हणतं. तोंडावर सांगितलं की पाय निघतेत," म्हणायच्या. आता ते काम माझ्याकडं आलंय. घरं मोजून झाली, कुणाकडं कुठल्या दिवशी जायचं हे ठरलं, आणि एका नावापाशी मी दरवेळी अडते. पाथरीच्या मावशी, आत्याबाईंची पाठची बहीण. शेवटची अडीच वर्षं दोघी बोलल्या नाहीत. मातीला मावशी आल्या, पायाशी बसून रडल्या, पण आमच्या घरचं घोटभर पाणी न घेता संध्याकाळच्या एसटीनं परत गेल्या. तेराव्याला तर आल्याच नाहीत. आणि त्याला कारण मी होते. मी म्हणजे माझा तो हिवाळा.

खरं सांगायचं तर घरात बसणं माझ्या रक्तात नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तेवीस वर्षं शिकवलं, रोज शंभर पोरांच्या गराड्यात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नीट सांगितलं होतं. औषधानं पांढऱ्या पेशी कमी होतात, आठव्या-दहाव्या दिवशी तर अगदीच तळाला जातात, तेव्हा साधी सर्दीसुद्धा महागात पडते. गर्दी नको, आजारी माणूस जवळ नको, कच्चं नको, उघड्यावरचं नको, हात सारखे धुवायचे. मोकळ्या हवेत फिरा, उन्हात बसा, त्याला ना नाही. आणि ताप शंभराच्या वर गेला तर घरी गोळी घेऊन पडून राहायचं नाही, असाल तसं निघायचं. मी मास्तरीण. ऐकून घेतलं, मान डोलावली आणि सोडून दिलं. माझे विद्यार्थी माझ्याशी जसं वागतात तसंच.

दुसऱ्या किमोनंतर दहाव्या दिवशी मैत्रिणीच्या पोरीचं लग्न होतं. डोक्यावरचे केस गेले होते. रुमाल बांधला तर दहा जणी विचारतील, म्हणून मी डोक्यावरून पदर घेतला. लग्न होऊन आले तेव्हा याच पदरावरून आत्याबाईंशी मी सहा महिने अबोला धरला होता. शिकलेली बाई डोकं झाकणार नाही म्हणून. आता तोच पदर कानामागं खोचून मंगल कार्यालयात शिरले, आणि एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "बाई नोकरीची हाय, पन वळण बघा कसं!" मला हसूही आलं आणि रडूही. मास्क पर्समध्ये होता. लावला असता तर सगळ्यांनी बघितलं असतं. पंधरा जणींनी गळ्यात हात टाकले, गालावरून बोटं फिरवली, मी काकडीची कोशिंबीर दोनदा मागून घेतली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, मी आहे अजून माणसांत.

तिसऱ्या दिवशी दुपारी दात वाजायला लागले. ताप एकशे दोन. पाच दिवस दवाखान्यात, आणि तिसरी किमो लांबली. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "ताई, गाठ तुम्हाला मारायच्या आधी तुमचे पाहुणे मारतील."

घरी आले तर ओसरीत आत्याबाई. गावाकडून एक पिशवी आणि आपली बाज घेऊन आलेल्या. बाज त्यांनी आमच्या दाराच्या आत आडवी टाकली होती, माणूस आत यायचं तर ती ओलांडूनच येईल अशी. "काय वं मास्तरीणबाई, शानपन संपलं का?" एवढंच बोलल्या आणि बसल्या, ते फाल्गुनापर्यंत उठल्या नाहीत.

ज्यांनी आत्याबाईंना ओळखलं त्यांनाच कळेल, हे केवढं होतं. दारी आलेलं माणूस पाण्याविना परत जाऊ नये, हे त्यांचं एकच शास्त्र. गावाकडच्या घरी बोहारीण आली तरी तिला आधी भाकरी, मग भांड्यांचं बोलणं. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते तेवढ्याच एका गोष्टीवर. ना शिक्षण, ना कुठलं पद. आणि हीच बाई आता बाजेवर बसून माणसं परतवायला लागली.

आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे कर्तव्य. नाही गेलं तर वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळं माणसं येतच होती. शाळेतल्या बाया, शेजारणी, यांच्या तहसीलमधले लोक, गावाकडून जीप भरून. हातात केळी, सफरचंदं, अंगारा, तोंडात कुणाच्या तरी वाचलेल्या आणि कुणाच्या तरी मेलेल्या नातेवाइकांच्या गोष्टी. आत्याबाई पहिले चार-सहा दिवस समजावून सांगायच्या. डॉक्टरनं नको म्हटलंय, पोरीला सोसायचं न्हाई. मग सगळे तेच म्हणायचे, "आमी काय परके हाव का? दोन मिंटं तोंड बघून जातो." आणि बाज ओलांडून आत. शेवटी एक दिवस आत्याबाईंनी समजावणं बंद केलं. दारात सावली पडली की आतूनच, "कोन हाय? भेट व्हनार न्हाई. जा." झालं.

पंधरा दिवसांत त्यांचं नाव पार गेलं. म्हातारीनं सुनेला कोंडून ठेवलंय. जुना राग काढायलीय. लागण होती म्हणून आपल्या पोराला पण लांब ठेवलंय. कुणी म्हणे, करोना गेला की आता, हे कसलं नवीन सोंग! हे सगळं फोनवरून माझ्या कानावर यायचं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही थोडंफार पटायचं. खिडकीतून रस्ता दिसायचा. मला भेटायला आलेलं माणूस तोंड पाडून परत जाताना दिसायचं. मी आत भिंतीकडं तोंड करून पडायची आणि मनात म्हणायची, ही बाई मला आजारानं नाही, एकटेपणानं मारणार.

बाहेर त्या मला न्यायच्या, पण आपल्या पद्धतीनं. आठवडी बाजाराच्या दिवशी उजाडताच उठवायच्या. मास्क, शाल, पदर, मोजे. बाजार भरायच्या आधी आम्ही बाजारात. गोण्यांची तोंडं बांधलेली, पालं अजून अर्धी ताणलेली, थंडीनं हात काखेत घातलेले बागवान. "अम्मा, गोन तो खोलने दो," असं एक जण कुरकुरायचा आणि तरी पहिली मेथीची जुडी लांबूनच पिशवीत टाकायचा. माणसं यायला लागली की आत्याबाई माझं कोपर धरून वळायच्या. गोदावरीच्या घाटावरही असंच, ऊन वर आल्यावर, आंघोळीवाले निघून गेल्यावर. माणसं येऊन गेलेल्या किंवा अजून न आलेल्या जागा मी त्या हिवाळ्यात पाहिल्या. ओल्या पायऱ्या, फुलांच्या पाकळ्या, विझत आलेली उदबत्ती. चालून आल्यावर भूक लागायची, झोप यायची. त्या वेळी हे मी त्यांना सांगितलं नाही. रागात होते ना!

एक मात्र सांगायलाच पाहिजे. 'कच्चं द्यायचं नाही' हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की त्या सगळंच उकडायच्या. एक दिवस ताटात काहीतरी पिवळट, लिबलिबीत, बियांचं. मी विचारलं, हे काय? "पेरू." उकडलेला पेरू! मी दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले, इतकी की बरगड्या दुखल्या. त्या रागावल्या. "हास. पन खाय." मी खाल्ला. चव विचारू नका.

आणि मग तो दिवस. तिसऱ्या किमोनंतरचा आठवा-नववा. दुपारी दाराशी आवाज आला आणि मी ओळखला. मावशी. पाथरीहून परभणी, परभणीहून गंगाखेड, दोन एसट्या बदलून त्या एकट्या आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई. धपाटे आणि दह्याचं गाडगं घेऊन. आवाज बसलेला होता, बोलता बोलता त्या खोकत होत्या. मला वाटलं, मावशीला तर आत घेतीलच. सख्खी बहीण. दोघी एका पाटल्यांच्या जोडीसारख्या, लहानपणापासून.

आत्याबाई म्हणाल्या, "तिथंच थांब."

"आगं, मी हाय."

"दिसायलंय मला. आल्या पावली परत जाय."

"पानी तरी दी की वं. तोंडाला कोरड पडली."

आत्याबाई उठल्या नाहीत. आणि मी, मी पलंगावर उठून बसले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "अहो, येऊ द्या ना त्यांना! किती छळाल मला?"

गाडगं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग चपला. खिडकीतून मावशी जाताना दिसल्या, पदरानं तोंड धरून. गावात जे बोललं जात होतं त्याला त्यांना आतून, माझ्या तोंडून पुरावा मिळाला होता.

त्या संध्याकाळी मी आत्याबाईंना नाही नाही ते बोलले. त्या तुरीची डाळ निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "समजून सांगितलं की मानसं आत येत्यात. तोडून बोललं की परत जात्यात. मला दुसरं काय जमत न्हाई." मग डाळीतला खडा बाजूला टाकून, "तिचं अंग तापलं व्हतं गं. लांबून कळत व्हतं. डोळे बघ तिचे कसे झालते." दुसऱ्या दिवशी पाथरीहून मावशींच्या मुलाचा फोन आला. आई तापानं फणफणलीय, छातीत कफ झालाय, दवाखान्यात नेलंय. त्याच दिवशीच्या रक्ताच्या तपासणीत माझ्या पेशी सगळ्या हिवाळ्यात सर्वांत खाली होत्या. मावशींनी माझ्या गालाला गाल लावला असता, त्या लावतातच, तर आज हे लिहायला मी नसते कदाचित.

मी म्हणाले, आत्याबाई, मी मावशीला फोन करते. सगळं सांगते.

"सांगायचं न्हाई."

"अहो, पण त्या तुमच्यावर—"

"तिला काय सांगनार? तू ताप घेऊन आलीस, पोरीच्या जिवावर उठली व्हतीस, असं? ती मरंस्तोर झुरंल. तिच्यापरीस माझ्यावर रुसलेली बरी." आणि मला शपथ घातली. मी पाळली. मला लाज वाटते सांगायला, पाळणं सोपंही होतं. आपली चूक झाकली जात असेल तर शपथ जड वाटत नाही.

त्या वर्षीची येळवस आम्ही दुसऱ्या दिवशी केली. अमावस्येला शिवार माणसांनी फुललेलं, म्हणून त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी शेत रिकामं होतं. बांधावर पत्रावळी, शेजाऱ्यांच्या कोपीत कोमेजलेली फुलं, पांडवांपुढं सुकलेल्या आंबिलाचे डाग. आत्याबाईंनी तीन दगडांवर ताजी भज्जी शिजवली, वाफ निघत असतानाच मला वाढली. मी उन्हात बसून खाल्ली. ज्वारीवरून वारा यायचा. तोंडाला चव नव्हती, तरी गरम काहीतरी पोटात जातंय एवढं कळत होतं. मधेच त्या कमरेवर हात ठेवून बांधाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. जेवायला या म्हणून हाक मारायची त्यांची जुनी सवय. तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि मिटलं. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "उद्या रिपोट हाय ना तुजा? चांगला येनार." रिपोर्ट चांगला आला. पुढची किमो वेळेवर झाली, त्याच्या पुढचीही, शेवटपर्यंत एकही लांबली नाही.

फाल्गुनात त्यांनी बाज उचलली आणि गावाकडं गेल्या. मला वाटलं, आता सगळं आपोआप सुरळीत होईल. तसं होत नसतं. माणसं मला भेटायला यायला लागली, माझं अभिनंदन करायला लागली. माझ्या केसांचं कौतुक झालं, नवे आले ते कुरळे आले म्हणून. आत्याबाईंच्या ओसरीवर मात्र वर्दळ कमी झाली. मी येईल त्याला सांगायची, अहो, त्यांच्यामुळं मी वाचले. लोक हो हो म्हणायचे. परतवलेलं माणूस कारण ऐकून घेतं, पण पाऊल त्याचं अडतं ते अडतंच. पुढच्या दोन येळवशींना त्या आवतण द्यायला गेल्या, पाथरीलाही गेल्या. मावशी सुनेकडून निरोप द्यायच्या, घरी नाहीत म्हणून. आत्याबाई परत यायच्या आणि म्हणायच्या, "हाय बरी. खोकल्याचा आवाज आला न्हाई आतून."

परवा मी शेवटी पाथरीची एसटी धरली. शपथ घालणारं माणूस गेलं, आता शपथ कुणासाठी पाळू? वाटेत मनात वाक्यं जुळवत होते, तेवीस वर्षं शिकवलेली बाई, आणि एक वाक्य धड होईना.

मावशी ओसरीत उन्हाला बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण जा पण म्हणाल्या नाहीत. मी समोर खाली बसले आणि सांगून टाकलं. तुमच्या अंगात ताप होता ते. माझ्या पेशींचं. दुसऱ्या दिवशीच्या फोनचं. आत्याबाईंनी मला गप्प का केलं ते. आणि आतून मी ओरडले, त्या मला छळत नव्हत्या, मी खोटं ओरडले. बोलता बोलता माझाच हुंदका फुटला. म्हणाले, "मावशी, त्यांनी तुम्हाला पाणी दिलं नाही, ते माझ्यासाठी. त्यांना माफ करा. येळवशीला या."

मावशींनी सुरकुतलेला हात माझ्या कुरळ्या केसांवरून एकदा फिरवला, जणू मोजून बघत होत्या. मग म्हणाल्या, "पान्याचं काय घेऊन बसलीस गं. मला हाकललं त्येचं बी काय न्हाई." आणि त्यांचा आवाज फाटला. "तिनं मला सांगायला पाहिजे व्हतं. मी बरी झाल्यावर आले असते. तिच्या शेजारी बाजंवर बसले असते. लोकांच्या शिव्या दोघींनी मिळून खाल्ल्या असत्या की. येकलीनंच खाल्ल्या माज्या बहिणीनं."